फोनवरून सांगितलेली तीन सूत्रं

११ मार्च

बाबा,

तुझा नंबर मी अडवून ठेवलाय आणि आता तो सोडवायची लाज वाटते, म्हणून पत्र. यात माया वगैरे शोधत बसू नकोस.

सांगायचं एवढंच, की मी पुन्हा प्रवेश परीक्षेला बसतेय. गेल्या वर्षी निकालाच्या दिवशी फोनवर ओरडून सांगितलं होतं, की मेले तरी परत बसणार नाही, आणि तू नेहमीसारखा "बरं" म्हणून गप्प झाला होतास. तर ते रद्द. वीस एप्रिलला पेपर. दोनच संधी देतात हे तुला माहीत आहे. ही दुसरी. यात गेलं तर पूल बांधायचं विसरायचं आणि आईच्या दुकानात लोकांच्या नाकांवर चष्मे बसवायचे. आईला यात काही वाईट दिसत नाही, पण मला लोकांची नाकं आवडत नाहीत.

आणि आता उभा असशील तर खाली बस. मी सूत्रं पाठ करतेय.

होय, पाठ. घोकून. तुझ्या मुलीला हे शोभत नाही, माहीत आहे. लहानपणी मला पाढेसुद्धा तू पाठ करू दिले नाहीस. "सात आठं किती ते लक्षात ठेवू नकोस, सातातून काढ." मी काढायचे. वर्गात बाकीची पोरं छप्पन्न म्हणून मोकळी व्हायची आणि मी अजून बेरजा करत असायचे. पुढे गेल्या वर्षी काय झालं ते तुला नीट कधी सांगितलंच नाही. घनांच्या बेरजेवर एक प्रश्न होता. ज्यांना सूत्र पाठ होतं त्यांनी आकडा घातला आणि पान उलटलं. मला पाठ नव्हतं, कारण "मांडलं की येतं". मग मी मांडलं. चौथ्या घातापासून सुरुवात करून, एकातून एक वजा करत, अगदी तू शिकवलंस तसं. आलं बरोबर. मान वर केली तर आजूबाजूचे सगळे शेवटच्या पानावर आणि माझं निम्मं गणित कोरं. एका बेरजेनं माझं वर्ष खाल्लं, बाबा. आणि ते मी तुझ्या नावावर मांडलंय.

आता क्लास लावलाय. सरांना सगळे सूत्रसर म्हणतात. तुझ्याबरोबर कधीकाळी एकाच कॉलेजात होते म्हणे. तू त्यांना टाळ्यांचा मास्तर म्हणायचास, असं आई सांगते. खरंच टाळ्या वाजवतात. सगळा वर्ग उभा राहून तालावर त्रिकोणमिती म्हणतो. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला साइन दोन थीटा पाठ झालाय. आणि आईनं काय केलंय माहितेय? दुकानात डोळे तपासायला तो अक्षरांचा तक्ता असतो ना, वर मोठं अक्षर, खाली बारीक बारीक होत जाणारं, तसा सूत्रांचा तक्ता करून घेतलाय. मला समोरच्या खुर्चीत बसवते, एक डोळा झाकते आणि म्हणते, "तिसरी ओळ वाच." तिला स्वतःला त्यातलं एक अक्षर कळत नाही, पण मी चुकले की कशी कोण जाणे ओळखते.

बास. कळवायचं होतं, कळवलं. उत्तराची वाट बघत नाही.

तुझी (नाइलाजानं) मुलगी


२४ मार्च

बाबा,

उत्तर आलं. पाकीट जड लागलं म्हणून मी मूर्खासारखी खूश झाले. आत काय, तर घनांच्या बेरजेची चार वेगवेगळ्या रीतींनी केलेली मांडणी. "कशी आहेस" नाही, "आई कशी आहे" नाही. चौथी रीत चौकोनांची चित्रं काढून केलीस ती सुंदर आहे, हे मान्य करते. पण हे म्हणजे वाढदिवसाला कुणी व्याकरणाचं पुस्तक पाठवावं तसं झालं.

खाली लिहिलंयस, "पाठ केलेलं भीतीनं पळून जातं, समजलेलं राहतं." राहिलं होतं की! गेल्या वर्षी समजलेलं जागच्या जागी होतं. वेळ पळून गेला.

आणि त्याखालचं एक वाक्य मला अजून खुपतंय. "तू बसणार आहेस हे मला आधी कळायला हवं होतं." म्हणजे? तुझी परवानगी घ्यायला हवी होती? तू ह्या घरातून बाहेर पडून दुसऱ्या गावच्या कॉलेजात गेलास तेव्हा आम्हाला आधी कळायला हवं होतं की नाही? तुमचं दोघांचं नाही जमलं, ठीक आहे, त्यावर मी काही बोलत नाही. पण मग माझ्या परीक्षेचंही तुला कळेल तेव्हा कळेल.

सध्या रोज चाचणी. काल पहिल्या पाचांत आले. सूत्रसर म्हणाले, "बापाचं डोकं आणि माझ्या टाळ्या, आता पेपराची काय बिशाद आहे!" मी हसले नाही. मनातून हसले.

मुलगी


४ एप्रिल

बाबा!

हरलास! कबूल कर. इतक्या वर्षांचं तुझं ते तत्त्वज्ञान, आणि शेवटी तूच फोन करून म्हणालास, "पाठ कर."

मी दुकानात नव्हते, आईनं घेतला फोन. तिनं मला सगळं जसंच्या तसं सांगितलंय, तुझ्या आवाजासकट. ती एका आजोबांच्या चष्म्याची काडी गरम करून वाकवत होती. फोन वाजला, तू म्हणालास, "मी बोलतोय," आणि आईच्या हातात काडी तशीच थंड झाली. मोडलीच शेवटी. आजोबांना नवी फ्रेम फुकट द्यावी लागली, ती तुझ्याकडून वसूल करणार आहे म्हणते.

मग तू सांगितलंस आणि तिनं काचांच्या पाकिटावर लिहून घेतलं. ऐकू येईल तसं. बाहेरच्या बिंदूतून वर्तुळाला काढलेल्या दोन स्पर्शिकांचं एकत्र समीकरण. मग शून्यापासून नव्वद अंशांपर्यंत साइनच्या कुठल्याही घाताचं इंटिग्रेशन, ते पायरीपायरीनं दोनानं उतरत जाणारं. आणि तिसरं, दोन विषमतलीय रेषांमधलं कमीत कमी अंतर. तिनं मला विचारलं, "विषमतलीय म्हणजे काय गं?" मी म्हटलं, ज्या रेषा एकमेकींना कधी भेटत नाहीत आणि समांतरही जात नाहीत. ती म्हणाली, "असल्या रेषेबरोबर मी संसार केलाय, मला कशाला शिकवतेस." आणि आम्ही दोघी हसलो. तुझ्यावरून हसलो म्हणजे बघ, किती दिवसांनी.

"ही तीन पाठ कर म्हणावं. मांडत बसू नको म्हणावं. नुसती पाठ कर." असं दोनदा म्हणालास म्हणे. मग फोन ठेवलास.

आई तेव्हापासून जरा गप्प आहे. "त्याचा आवाज कसातरीच होता," एवढंच म्हणते. मी म्हटलं, हरणाऱ्याचा आवाज तसाच असतो.

तिन्ही पाठ झाली. भांडी घासताना म्हणते, दात घासताना म्हणते. साइनचं तर मी गाणंच करून टाकलंय. खरं सांगू? सूत्रसरांची सूत्रं तोंडात बसतात. ही तीन पोटात जाऊन बसली आहेत. तू दिलीस म्हणून असेल. इतके दिवस तुझ्याकडून काही आलंच नव्हतं ना.

नंबर सोडवलाय. आता फोन केलास तर लागेल.

तुझी मुलगी


८ एप्रिल

बाबा,

फोन उचल. कालपासून करतेय, नुसता वाजतोय. म्हणून हे पत्र हातोहात पोचवणाऱ्या कुरिअरनं पाठवतेय, तुझ्या घराच्या पत्त्यावर.

काल क्लास सुटल्यावर मी सूत्रसरांकडे गेले. आईनं साइनच्या सूत्रात सम घात आणि विषम घात यांची अदलाबदल केली होती की काय अशी शंका आली होती, ती विचारायला. त्यांनी तपासून दिलं, बरोबर होतं. मग मी, शहाणी, त्याच पाकिटावरची बाकीची दोन्ही त्यांच्यापुढे धरली. म्हटलं, एवढी बघून टाका.

ते बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "ही तीन एकत्र कुणी दिली?"

मी म्हटलं, का?

"नाही, तिघांचा एकमेकांशी संबंध नाही. तीन वेगळे धडे. मी वीस वर्षं सूत्रं वाटतोय, पण ही तीन कुणी एका दमात सांगितलेली नाहीत. अशी तीनच का निवडेल कुणी?" मग खुर्ची ओढून बसले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "वडील काय म्हणतात? कुठे असतात सध्या?"

मी पाकीट परत घेतलं. मी म्हटलं, आमचं बोलणं नाही. ते म्हणाले, "असं होय." आणि मग गप्पा मारल्यासारखं सांगायला लागले, की पेपर काढणारे लोक कसे निवडतात. थंडीतच निवडतात म्हणे, नावं गुप्त. प्रत्येकाकडून लिहून घेतात, की माझं कुणी जवळचं यंदा परीक्षेला नाही. पेपर छापायला गेला की सगळ्यांना एका इमारतीत कोंडतात, जेवण आत, झोप आत, आणि परीक्षेची शेवटची घंटा झाल्याशिवाय कुणालाही बाहेर सोडत नाहीत. "तुझे वडील एकदा होते," म्हणाले, "फार वर्षांपूर्वी. कडक माणूस. शिपायानं चहाबरोबर बिस्किट दिलं तरी नाही म्हणायचा." आणि माझ्या हातातल्या पाकिटाकडे बघत हसले.

घरी येताना मला रस्ता दिसत नव्हता.

आता मी मांडते. तू शिकवलंस तसं, पहिल्या ओळीपासून. थंडीत तू सही केलीस तेव्हा ती खरी होती, कारण मीच तुला ओरडून सांगितलं होतं की बसणार नाही. मग अकरा मार्चला माझं पत्र आलं आणि तुझी सही खोटी झाली. "मला आधी कळायला हवं होतं." मी त्या वाक्यावर तुझ्याशी भांडले, बाबा! तेव्हाच जाऊन सांगायचं होतंस, की माझी मुलगी बसतेय, मला मोकळं करा. एवढंच तर करायचं होतं. ते तू केलं नाहीस. उलट फोन केलास.

आणि ज्या माणसानं मला पाढे पाठ करू दिले नाहीत, तो म्हणाला, मांडत बसू नको, नुसती पाठ कर.

तुला वाटलं असेल, माझ्या बेरजेपायी पोरीचं एक वर्ष गेलं, तर एवढं द्यावं. मला कळतं रे. कळतं म्हणूनच राग येतोय. मला तुझ्याकडून फोन हवा होता. "कशी आहेस" हवं होतं. हे नको होतं.

मी विसरायचा प्रयत्न केला. हसू नकोस. दुसरं काहीतरी मोठ्यानं म्हणत बसले. उपयोग नाही. न येणारं शिकता येतं, आलेलं न येणारं कसं करायचं ते कुणी शिकवलेलं नाही. मी तिथे बसले आणि ते तीन प्रश्न समोर आले तर माझा हात आपोआप चालणार. मुद्दाम चुकीचं लिहीन म्हटलं, तरी तेही नाटकच.

तेव्हा आता तू कर. कोंडण्याच्या आधी जाऊन सांग. सगळं सांग. पेपर बदलायला लाव. तू सांगितलं नाहीस तर मी वीस तारखेला बसणार नाही. धमकी देत नाहीये, मला खरंच बसता येणार नाही. मग ही दुसरी संधीही गेली आणि पूलही गेला. तुझं नाव मात्र मी कुणाला सांगणार नाही, तेवढं लक्षात ठेव.

फोन उचल ना.


१४ एप्रिल

बाबा,

आठ तारीख गेली, नऊ गेली, तुझा शब्द नाही. आता फोन वाजतही नाही. बंद आहे. म्हणजे तुम्हाला आत घेतलं असणार. आठ तारखेचं पत्र तुझ्या हातात पडलं की दाराखाली पडून आहे, कुणाला विचारू? तरी लिहितेय. न लिहून काय करू ते सुचत नाही.

सूत्रसरांनी सुतावरून स्वर्ग गाठलाय. आणि वाईट हे, की तो स्वर्ग खरा आहे. दुसऱ्याच दिवशी फळ्यावर तीन सूत्रं. तीच. "आजपासून ही तीन रोज, टाळीवर!" सगळा वर्ग उभा. मी ओठ मिटून उभी. ते रांगांमधून फिरत माझ्यापाशी आले आणि वाकून म्हणाले, "तू का गप्प? तुला पाठ आहेत म्हणून?" शंभरावर पोरं माझ्या बापाचा गुन्हा तालासुरात म्हणत होती आणि मी त्यांच्यात उभी होते. मी दप्तर उचललं आणि बाहेर पडले. तेव्हापासून क्लासला जात नाही.

आईला सांगावं लागलं. दुकान बंद करायच्या वेळी गेले, काचा पुसायचं फडकं हातात घेतलं आणि सांगितलं. वाटलं होतं ती हादरेल.

ती म्हणाली, "मला फोनवरच कळलं होतं."

मी फडकं बाजूला ठेवलं.

"अगं, मी ओळखत नाही का त्याला? तो उगाच पाठ कर म्हणेल?"

"मग तू मला का दिलंस ते पाकीट?"

"का नको देऊ?" आई अशी कधी बोलत नाही, बाबा. हळू आवाजात, एकेक शब्द चावून. "बाप आहे तुझा. निघून गेल्यापासून त्यानं काय केलं तुझ्यासाठी? एकदा, एकदाच त्यानं स्वतःच्या नाकाच्या पलीकडे बघितलं. तर तू त्यालाच शिक्षा करणार? आणि स्वतःलाही? दुसऱ्यांची मुलं काय काय करून आत जातात, तुला माहीत नाही."

"तू तसं करून आत गेली असतीस?"

"मी चष्मे विकते. मला कुणी विचारलं नाही."

मग आम्ही भांडलो. खूप भांडलो. ती म्हणाली, तू त्याच्यावर गेली आहेस, दोघं सरळ रेषेत चालता आणि भिंतीवर आपटता. मी म्हटलं, तो आता सरळ चाललेला नाहीये, तेच तर रडणं आहे. त्यावर तिनं तक्ता भिंतीवरून उतरवला आणि गुंडाळून टाकला.

एक सांगू? मी तुझ्यावर वर्षभर रागावले होते तेव्हासुद्धा मला एक खात्री होती. बाबा हट्टी आहे, कोरडा आहे, विसराळू आहे, पण बाबा खोटं करणार नाही. त्यावर मी टेकून उभी होते आणि मला ते माहीतच नव्हतं. आता तेच गेलं तर मी कुणावर रागावू?

प्रवेशपत्र टेबलावर आहे. आई रोज ते उचलून पुसते आणि परत ठेवते.

मी बसणार नाही, बाबा. तू आत बसला आहेस ना, मग मी बाहेर.


२१ एप्रिल

बाबा,

काल धड बोलता आलं नाही. आई सांगते, पेपर कसा गेला म्हणून तू तिला दोनदा विचारायला सांगितलंस. "बरा गेला" हे उत्तर खोटं नाही, पण पूर्णही नाही. म्हणून सगळं लिहिते.

सकाळी मी उठलेच नव्हते. आईनं पांघरूण ओढलं आणि म्हणाली, "गेटपर्यंत चल. तिथून परत यायचं असलं तर ये, मी अडवणार नाही. पण घरी बसून नाही म्हणायचं नाही." तिनं स्वतः दुकान बंद ठेवलं होतं. रिक्षात मी मनात वाक्य तयार करत होते, आईला कसं सांगायचं, की आता वळ.

केंद्राच्या फाटकाबाहेर गर्दी. पालक, पाण्याच्या बाटल्या, शेवटच्या क्षणी पानं उलटणारी पोरं. आणि भिंतीपाशी तू उभा.

मी आधी ओळखलंच नाही. म्हणजे ओळखलं, पण विश्वास बसला नाही. वाटलं, कुणीतरी तुझ्यासारखं. किती वाळला आहेस रे! मग माझ्या डोक्यात उजेड पडला. शेवटची घंटा व्हायच्या आधी पेपर काढणाऱ्याला बाहेर सोडत नाहीत. अजून पहिलीसुद्धा झाली नव्हती. आणि तू उन्हात उभा होतास.

तू मला बघताच म्हणालास, "मी सांगितलं त्यांना. दुसऱ्यांनी काढून ठेवलेला राखीव पेपर लावलाय. तू बसू शकतेस, मी विचारून घेतलंय, लेखी घेतलंय." एका दमात, रांगेत उभं राहून बोलल्यासारखं.

मी म्हटलं, "आणि तू?"

"मी बाहेर आहे. दिसतोय ना."

"पत्र मिळालं होतं?"

"दोन्ही."

"मग उत्तर का नाही दिलंस?"

तू चष्मा काढून पुसलास. "काय लिहायचं ते सुचेना," म्हणालास. आणि मग, "जा. घंटा होईल."

मला तुला मिठी मारायची होती. पण मागून लोक ढकलत होते आणि आई माझ्या हातात प्रवेशपत्र कोंबत होती. मी नुसती तुझ्या बाहीला हात लावून आत गेले. ते आता लिहून भरून काढते: मारली असं समज.

आता आतलं.

पेपर उघडला. पहिल्या पानावर ठीक चाललं. सूत्रसरांच्या टाळ्या कानात वाजत होत्या, आकडे घालत होते, पान उलटत होते. दुसऱ्या पानाच्या मधोमध प्रश्न: शून्यापासून नव्वद अंशांपर्यंत साइनच्या सहाव्या घाताचं इंटिग्रेशन.

एक क्षण, एकच क्षण, मला वाटलं तू खोटं बोललास. पेपर बदललाच नाही. तू कसातरी बाहेर पडलास आणि मला आत पाठवायला तिथे उभा राहिलास. हे मनात आलं याची मला लाज वाटते, पण आलं. पेन खाली ठेवलं आणि सगळा पेपर शेवटपर्यंत चाळला, स्पर्शिका शोधत, विषमतलीय रेषा शोधत. वेळ जात होता आणि मी दुसरे दोन प्रश्न शोधत होते. नव्हते. कुठेच नव्हते. आणि प्रश्नांची भाषाही तुझी नव्हती. तू असलं लांबलचक कधी लिहिलं नसतंस. दुसऱ्याच कुणीतरी, तुला न विचारता, आपल्या मनानं तो प्रश्न घातला होता. महत्त्वाचं सूत्र आहे, कोणीही घालेल.

मग मी त्या प्रश्नावर परत आले आणि बसून राहिले. सोडून देऊ? की मांडू, गेल्या वर्षीसारखं, वेळ गेला तर गेला? डोक्यात तर उत्तर केव्हाच तयार होतं. घात एकानं कमी, भागिले घात, मग दोनानं उतरत जा. शेजारची मुलगी त्याच प्रश्नावर होती. तिचे ओठ हलताना दिसले, टाळीवर. तिला येत होतं. सूत्रसरांच्या सगळ्यांनाच येत होतं. एकटी मीच हात बांधून बसले होते.

आणि मला तू दिसलास, भिंतीपाशी, उन्हात. मला वाटलं, ह्या सूत्रासाठी त्यानं जे द्यायचं ते देऊन टाकलंय. आता ते फोनवरून चोरून आलेलं नाही. आता ते नुसतं बापानं मुलीला शिकवलेलं आहे.

मी लिहिलं, बाबा. सरळ सूत्र घातलं. पाच पाय भागिले बत्तीस. पान उलटलं. पुढच्या पानावर थोडा वेळ अक्षरं धूसर दिसत होती, आईनं डोळे तपासले असते तर नंबर वाढला म्हणाली असती. शोधण्यात वेळ गेला होता, शेवटचे काही प्रश्न राहिले. निकाल काय लागेल ते मला सांगता येत नाही. कदाचित होईल, कदाचित नाही.

बाहेर आले तर तू गेला होतास. आईनं सांगितलं, दुसऱ्या दिवशी सकाळीच तुला चौकशी समितीपुढे उभं राहायचं होतं, म्हणून दुपारची गाडी गाठायला निघालास. तुम्ही दोघं तिथे तीन तास उभे होतात म्हणे. मी विचारलं, काय बोललात? ती म्हणाली, "काही नाही. त्याचा चष्मा वाकडा बसला होता, तेवढा सरळ करून दिला."

समितीत काय झालं ते कळव. नोकरी राहिली की गेली, ते माझ्यापासून लपवू नकोस. आई म्हणते, गेली तर दुकानात हिशेब बघायला माणूस लागतोच. वर म्हणते, पण त्याला बेरीज करायला फार वेळ लागतो. ती चिडवतेय, रागावलेली नाही, एवढं मला आता कळतं.

मी ते सूत्र वापरलं हे बरोबर केलं की चूक, ते मला माहीत नाही, आणि तू सांगूही नकोस. काल घरी आल्यावर पाणी प्यायले, कोरा कागद घेतला आणि ते पहिल्या ओळीपासून मांडलं. एक साइन बाजूला काढला, बाकीचा घात एकेक पायरी उतरवत नेला. घाई नव्हती, कुणी कागद काढून घेणार नव्हतं. आई शेजारी बसून बघत होती आणि काहीही न कळता मान डोलवत होती. बरोबर आलं.

तुझी मुलगी